सांडपाण्याच्या पाइपचा जोड पुन्हा पुन्हा का गळतो?

बेसिनखालच्या किंवा भिंतीवरून उतरणाऱ्या पीव्हीसी पाइपच्या जोडातून थेंब पडू लागला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: हार्डवेअरच्या दुकानातून सोल्युशनची डबी आणायची आणि जोडाच्या तोंडाभोवती त्याचा जाड थर फासायचा. गळती काही दिवस थांबते आणि परत सुरू होते. यात दोष सोल्युशनचा क्वचितच असतो. ते चुकीच्या जागी लावलेले असते.

सोल्युशनमध्ये टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल किटोन यांसारखे द्रावक असतात आणि त्यांत थोडे पीव्हीसी विरघळवलेले असते. हे द्रावक पाइपच्या बाहेरच्या आणि सॉकेटच्या, म्हणजे पाइप ज्यात बसतो त्या रुंद तोंडाच्या, आतल्या पृष्ठभागात शिरतात, तिथले प्लास्टिक फुगून मऊ होते, आणि दोन्ही भाग घट्ट दाबून बसवले की दोन्हीकडच्या लांब रेणुसाखळ्या एकमेकींत गुंततात. द्रावक उडून गेले की दोन तुकड्यांचा जणू एकच तुकडा होतो, म्हणून ही क्रिया चिकटवण्यापेक्षा वेल्डिंगला अधिक जवळची आहे. तिला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग आणि दाब लागतो. बाहेरून फासलेल्या थराला दाब मिळत नाही, आणि फटीत पाणी व साबणाचा मळ आधीच साचलेला असल्याने तो आतही पोचत नाही. वरच्या वर वाळताना तो आकसतो आणि कडेने सुटतो.

नागपूरच्या हवेत याला आणखी एक कारण जोडले जाते. पीव्हीसीचा पाइप तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतो. जानेवारीतल्या पहाटे १० अंशांवर असलेला पश्चिमेच्या भिंतीवरचा पाइप मेअखेरच्या नवतप्याच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापला, तर त्याच्या ३ मीटर लांबीत साधारण १ सेंटीमीटरचा फरक पडतो. दोन्ही टोके सिमेंटमध्ये पक्की गाडलेली असतील, तर हा सगळा ताण सर्वांत कमजोर जोडावर येतो. भर उन्हात केलेला जोड कमजोर राहण्याचा धोकाही असतो, कारण पाइप सॉकेटमध्ये बसण्याआधीच द्रावक उडून वर साय धरते. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकणेच शहाणपणाचे.

दुरुस्तीआधी गळतीची नेमकी जागा शोधावी लागते, कारण पाणी पाइपच्या खालच्या अंगाने ओघळत जाते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. पाइप कोरडा पुसून जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळावा आणि नीळ घातलेले पाणी सोडावे. डाग जिथे पहिल्यांदा उमटेल तिथे फट आहे.

सांडपाण्याच्या पाइपमध्ये नळासारखा दाब नसतो. आत एक मीटर उंचीचे पाणी तुंबले, तरी त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या भागाएवढाच भरतो, त्यामुळे बारीक गळतीला बाहेरून लावलेली इपॉक्सी पुटी बहुधा पुरते. मात्र गुळगुळीत पीव्हीसीवर इपॉक्सी नीट धरत नाही. पाण्याचा वापर थांबवून जोड पूर्ण वाळू द्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंना पॉलिश पेपरने घासून खरखरीतपणा आणावा आणि धूळ पुसावी. पुटीचे दोन भाग एकच रंग येईपर्यंत मळावेत. पट्टे उरले तर तिथे राळ आणि कठीणक यांची अभिक्रिया अर्धवट राहते. मग ती फटीत अंगठ्याने दाबून भरावी आणि एक दिवस पाणी सोडू नये.

जोड रबरी रिंगचा असेल, तर सोल्युशन आणि पुटी दोन्ही बाजूला ठेवावीत. तो जोड सरकण्यासाठीच केलेला असतो आणि बाहेरून जाम केला की त्याचा उपयोगच संपतो. पाइप बाहेर काढून रिंग सरकली आहे की कडक झाली आहे ते पाहावे, गरज पडल्यास बदलावी, आणि टोकाला साबणाचे पाणी लावून पाइप परत बसवावा. खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने बरीचशी रबरे फुगून खराब होतात. पाइप तळापर्यंत ढकलल्यावर साधारण १० मिलिमीटर मागे ओढून ठेवावा. मे महिन्यातली वाढ सामावायला तेवढी जागा लागते.

सोल्युशनने जोडलेल्या भागाला तडाच गेला असेल, तर तो तुकडा हॅकसॉने कापून नवा कपलर, म्हणजे दोन टोके जोडणारा तुकडा, सोल्युशनने बसवावा लागतो. ते सोल्युशन ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ गॅस पेटलेला नसावा.