टो-बारच्या खोबणीतला थेंब

जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये गाडीमागे कॅरॅव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) नाहीतर सायकलींचा स्टँड जोडणारे बरेच जण काढता-घालता येणारा टो-बार बसवून घेतात. हंसाच्या मानेसारखा वाकलेला पोलादी दांडा आणि टोकाला 50 मिलिमीटर व्यासाचा गोळा. काम झालं की दांडा डिक्कीत जातो, बंपरखाली फक्त त्याची खोबण उरते. मग हिवाळा सरतो, पहिली सहल ठरते आणि दांडा खोबणीत बसतच नाही. वर्षभर लावूनच ठेवला असेल, तर तो निघत नाही.

अशा वेळी बहुतेक जण गोळ्यावरचा तांबूस थर घासायला बसतात. खरं दुखणं आत असतं.

गंजाचा अभ्यास करणारे केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात एक साधा प्रयोग केला. लोखंडाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो लवकर संपतो. आपल्याला वाटेल, ऑक्सिजन जास्त तिथे लोखंड जास्त झिजेल. झालं उलटंच. लोखंड विरघळलं ते मध्यभागी. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे गेले, तिथे ऑक्सिजनने ते घेतले, आणि तांबडा गंज या दोन जागांच्या मध्ये साचला. दांडा आणि खोबण यांच्यामधली केसाएवढी फट म्हणजे त्या थेंबाचा मध्यभागच. बाहेर डाग दिसतो, पोलाद आत झिजत राहतं.

त्यात युरोपातल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच विरघळतं. रस्त्यांवर टाकलं जाणारं दुसरं मीठ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड, त्याला 33 टक्केही पुरतात. म्हणून कोरड्या गॅरेजमध्येही खोबण ओलीच राहू शकते. कोकणात समुद्राकाठच्या घरांचे खिडक्यांचे गज खातो, तोही हाच क्लोराइड.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दांड्याला आतून पकडून ठेवणाऱ्या छोट्या पोलादी गोळ्या स्प्रिंगच्या जोरावर सरकतात. त्यांच्या वाटेत गंज भरला की कुलूप अर्धवट लागतं. दांडा बसल्यासारखा दिसतो, पण बसलेला नसतो. म्हणून हँडलवरची खूण लाल दिसत असेल, तर मागे काहीच जोडायचं नाही.

साफ करताना घाई नको. गंजात झिरपणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग पितळी ब्रश आणि फडकं. सँडपेपर किंवा ग्राइंडरने मापच बिघडतं. ॲसिडमध्ये बुडवू नका: त्यातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊ शकते. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने मीठ आणखी आत जातं, ग्रीस मात्र बाहेर येतं.

डब्ल्यूडी-40 हे फवारायचं तेल पुरेसं आहे का, असं हमखास विचारलं जातं. 1953मध्ये सॅन डिएगोत ते पाणी हटवण्यासाठीच बनलं. नावातल्या दोन अक्षरांचा अर्थही तोच. पाणी हटवेल, पण टिकाऊ थर देणार नाही. त्यानंतर उत्पादकाने सांगितलेल्या जागी पातळ ग्रीस हवंच. बाहेरचा गोळा मात्र, कॅरॅव्हॅनचा कपलर (गोळ्यावर बसणारी तिची पकड) घर्षणाने डोलणं रोखणारा असेल, तर अगदी कोरडा ठेवायचा. ग्रीस लागलं की ती पकडच जाते.

आणि दांडा काढल्यावर खोबणीचं प्लास्टिकचं बूच त्याच क्षणी लावा, पण आतलं पाणी पुसल्यावरच.