फिल्टर तेल आणि रिफाइंड तेल: डब्यात काय राहतं, काय जातं

दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याकडे हिवाळ्यात तिळाच्या तेलाचा डबा येतो. यंदा डब्यावर ‘डबल फिल्टर’ वाचून ती म्हणाली, “म्हणजे रिफाइंडच की रे!” वडोदऱ्यात हा घोळ मी नेहमी ऐकतो आणि दर वेळी वाईट वाटतं. माणूस ज्याचे जास्त पैसे मोजतो, तेच त्याला कळलेलं नसतं.

फिल्टर म्हणजे गाळणं. घाण्यातून निघालेलं तेल गढूळ असतं. ते निवू देतात, गाळ तळाशी बसला की दाट कापडातून काढतात. दोनदा गाळलं की डबल फिल्टर. तरंगणारा कचरा गेला, विरघळलेलं सगळं राहिलं. म्हणून वास आणि रंगही राहिला.

रिफायनिंगचा रोख नेमका विरघळलेल्यावर असतो. आधी चिकट फॉस्फोलिपिडं काढतात, मग कॉस्टिक सोड्याने मोकळ्या स्निग्धाम्लांचा साबण करून तो वेगळा करतात. पुढे आम्लाने सक्रिय केलेली माती रंग शोषते. शेवटी निर्वात टाकीत 200 ते 250 अंश सेल्सिअसला तेलातून वाफ सोडतात. वास तिच्याबरोबर जातो, शिवाय ई जीवनसत्त्वाचा आणि वनस्पतिजन्य स्टेरॉलांचा काही भागही. ही वाफ थंड करून जे जमतं, त्यातून पुढे ई जीवनसत्त्व वेगळं काढून विकलं जातं!

तिळाचं मात्र इथे निराळं आहे. तिळात सेसमिन आणि सेसमोलिन ही लिग्नानं, म्हणजे एक प्रकारची वनस्पतिजन्य द्रव्यं, असतात. तिळाचं तेल चटकन खवट होत नाही, त्यात त्यांचा मोठा वाटा. त्या आम्लयुक्त मातीशी गाठ पडली की सेसमोलिन टिकत नाही, पण त्यातल्या काहीचं सेसमिनॉल बनतं आणि तेही तेलाला खवटपणापासून जपतं. सेसमिनचा काही भाग रचना बदलून एपिसेसमिन होतो. म्हणून ‘रिफाइंड म्हणजे मेलेलं तेल’ हे मला पटत नाही. ओलेइक आणि लिनोलेइक ही मुख्य आम्लं दोन्ही तेलांत जवळपास तेवढीच असतात, आणि ग्रॅममागे 9 कॅलरीही. घाण्याचं तेल हलकं असतं म्हणून सढळ हाताने वाढणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

काही गोष्टी तेलातून जायलाच हव्यात. शेंगदाण्याला बुरशी लागली असेल तर तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, तेलात उतरतं आणि नुसत्या गाळण्याने ते पुरतं निघत नाही. सोडा आणि माती या टप्प्यांत बहुतेक निघून जातं. गुजरातेत घरोघरी चालणारं कपासिया तेल, म्हणजे सरकीचं, तर रिफाइंडच हवं, कारण सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं.

जवसाचं तेल ओमेगा-3 साठी घ्यायचं, तर कच्चंच खावं. त्यात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे हेच ओमेगा-3, असतं आणि ते उष्णतेने लवकर बिघडतं. लिग्नानांसाठी मात्र तेल नको, जवसाची चटणी करा. तेल काढलं की लिग्नानं बहुतेक पेंडीतच राहतात.

आत्याला मी म्हटलं, खीचूवर (तांदळाच्या पिठाच्या गुजराती उकडीवर) आणि चटणीवर कच्चं घालायला हाच डबा ठेव, पुऱ्या तळायला रिफाइंड आण. तिने डबा पुन्हा उलटसुलट करून पाहिला आणि ‘रिफाइंड’ हा शब्द कुठेच नाही, याची खात्री करून घेतली.