मातृभाषिक इंग्रजी शिक्षक (बेळगाव सीमाभाग)

ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा व्यक्तीने परदेशात जाऊन तेथील लोकांना इंग्रजी शिकविण्याची प्रथा. आज ती स्वतंत्र पेशा म्हणून ओळखली जाते : कोणत्याही विषयातील पदवी, सुमारे १२० तासांचा प्रशिक्षणवर्ग आणि वर्ष-दोन वर्षांचा करार. जपानची ‘जेट’ (१९८७) व दक्षिण कोरियाची ‘एपिक’ (१९९५) या त्यांतील प्रसिद्ध सरकारी योजना. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मात्र इंग्रजी शिकविणारे परदेशी आले ते मिशनांच्या वाटेने आणि दीड शतकाहून अधिक आधी.

लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले. बल्लारीच्या मिशनमधून आलेले जोसेफ टेलर आणि काही वर्षांनी त्यांना येऊन मिळालेले विल्यम बेनन यांच्याकडे येथील इंग्रजी शिक्षणाच्या आरंभाचे श्रेय सामान्यतः दिले जाते. त्यांच्या इंग्रजी शाळेचा आरंभ १८३० च्या दशकाच्या प्रारंभी मानणे सयुक्तिक ठरते. त्याआधी मिशनच्या ज्या शाळा होत्या त्या देशी भाषांतून चालत, त्यांना इंग्रजी शाळेत धरू नये. बेननस्मिथ हायस्कूलच्या नावात बेनन यांचे स्मरण टिकून आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे मिशन अमेरिकी मेथडिस्टांकडे गेले.

या शिक्षकांना सरसकट ‘मातृभाषिक’ म्हणावे काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. बेनन हे आडनावच वेल्श वळणाचे आहे, आणि वेल्सची भाषा इंग्रजीहून वेगळी. कॅम्पातील सेंट पॉल शाळा (१८५६) जेझुइटांची, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाची. तत्कालीन मुंबई-पुणे जेझुइट मिशन १८५० च्या दशकापासून जर्मन पाद्र्यांच्या हाती आले व बेळगाव पुढे पुणे धर्मप्रांतात राहिले. त्यामुळे जुन्या पिढीच्या आठवणींतले ‘गोरे फादर’ इंग्रजच होते असे गृहीत धरता येत नाही. पहिल्या महायुद्धात सरकारने या मिशनमधील जर्मन पाद्र्यांना स्थानबद्ध केले, यावरूनही ते स्पष्ट होते. शेजारच्या धारवाड (१८३७) व हुबळी (१८३९) येथील बासेल मिशनही जर्मन-स्विस होते. तात्पर्य, सीमाभागात ‘साहेबाचे इंग्रजी’ म्हणून जे रुजले त्यातले बरेचसे साहेबाने स्वतःच कधीतरी पुस्तकातून शिकलेले होते. गोरा वर्ण आणि मातृभाषा यांची ही गल्लत स्पोकन इंग्लिशच्या जाहिरातींत आजही भेटते.

उच्चाराच्या बाबतीत येथील वर्ग विशेष लक्षणीय आहे, कारण एकाच बाकावरच्या मराठी व कानडी मुलांच्या चुका वेगवेगळ्या असतात. मराठीत इ-ई हा भेद लेखनात काटेकोर असला तरी बोलण्यात अर्थभेदक राहिलेला नाही. म्हणून ‘शिप’ (जहाज) व ‘शीप’ (मेंढी) मराठी मुलाच्या तोंडी सहज एक होतात. कानडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद जिवंत असल्याने तेथे ही अडचण सहसा येत नाही. उलट शब्दाच्या शेवटी उकार जोडण्याची सवय (बस्सु, कारु) कानडीची. ट-ड मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून) उच्चारणे आणि इंग्रजीतील v व w या दोन वेगळ्या ध्वनींसाठी एकच ‘व’ वापरणे हे दोघांचे समान. परदेशी शिक्षकाच्या कानाला हे सगळे ‘भारतीय हेल’ म्हणून एकजात वाटण्याचा संभव असतो. चुकीचे मूळ ओळखायला दोन्ही भाषा याव्या लागतात, आणि त्या येथील स्थानिक मास्तरांना येतात. मातृभाषिक हाच आदर्श शिक्षक, ही समजूत युगांडातील मकेरेरे येथे १९६१ मध्ये भरलेल्या इंग्रजी अध्यापनाच्या परिषदेपासून बळावली. भाषाभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये तिला भ्रम ठरविले. सीमाभागापुरते तरी त्यांचे मत अधिक पटण्याजोगे आहे.

१९५६ नंतर बेळगाव म्हैसूर राज्यात (आताचे कर्नाटक) गेले. पुढील वाद मराठी विरुद्ध कानडी असाच राहिला व त्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे आपसूक फावले. मातृभाषिक शिक्षक मात्र वाढले नाहीत. देशाचे धोरण शिक्षकांचे शिक्षक घडविण्याचे होते : हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था (१९५८), बंगळूरची प्रादेशिक संस्था (१९६३). हैदराबादच्या संस्थेचे एक संचालक वि. कृ. गोकाक, शाळेत कानडीला प्रथम स्थान सुचविणारी पुढची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कर्नाटकात २००७ पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून आहे व तो स्थानिक शिक्षकच शिकवितात.

व्हिसाचा नियमही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. भारतात नोकरीचा व्हिसा मिळण्यासाठी परदेशी व्यक्तीस किमान वेतनाची अट असे (वार्षिक २५,००० डॉलर). भाषाशिक्षकांना तीतून सूट होती. त्या सुटीतून इंग्रजीचे शिक्षक तेवढे वगळले होते.