लाखावा ग्रंथ: दाखल क्रमांकामागचा इतिहास

ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो आणि तो पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. नोंदवहीत तारीख, लेखक, शीर्षक, बिल, किंमत आणि अगदी शेवटी 'शेरा' असे रकाने असतात. तोच क्रमांक पुस्तकाच्या शिक्क्यात आणि ग्रंथालयाने स्वतःपुरत्या ठरवलेल्या आतल्या एका पानावर, म्हणजे 'गुप्त पानावर', शाईने लिहिला जातो. हा सारा खटाटोप मुळात लेखापरीक्षणासाठीचा आहे. लाखावा किंवा दहा लाखावा ग्रंथ समारंभपूर्वक दाखल करण्याची विद्यापीठीय प्रथा मात्र याच रुक्ष आकड्यावर उभी राहिली.

अमेरिकेत ती चांगलीच रुजली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १९६० मध्ये दहा लाखावा ग्रंथ म्हणून जॉन गॉवर या कवीच्या काव्याची इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४८३ मध्ये छापलेली प्रत स्वीकारली. ती हेन्स कुटुंबाच्या प्रतिष्ठानाची देणगी होती. क्रमाने आलेलेच पुस्तक मानायचे ठरवले, तर तो मान एखाद्या वार्षिक अहवालाकडेही जाऊ शकतो. त्यामुळे असा ग्रंथ आधी निवडला जातो आणि क्रमांक त्याच्यासाठी राखला जातो. योगायोग दिसतो, पण तो घडवलेला असतो.

आपल्याकडे दात्याचे नाव ग्रंथापेक्षा वास्तूला लागले. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. लोकांच्या तोंडी राहिले ते त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव. विद्यापीठे उशिरा आलेल्या शहरांपैकी नाशिकचे उदाहरण घ्या. तिथली महाविद्यालये आधी याच मुंबई विद्यापीठाला आणि १९४९ नंतर पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून होते, पण शहराचे स्वतःचे विद्यापीठ यायला १९८९ उजाडले. त्या वर्षी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. शंभर-दीडशे वर्षांच्या संचयाने गाठायचे आकडे अशा तरुण संस्थांना लावणे मला तितकेसे योग्य वाटत नाही. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी तर गावोगावी विखुरलेला असतो आणि त्याच्या हाती पडते ते विद्यापीठानेच छापलेले पाठ्यपुस्तक.

शिवाय नोंदवहीतला आकडा आणि कपाटातला आकडा एक नसतो. गहाळ, फाटलेली, कालबाह्य पुस्तके निर्लेखित होतात, म्हणजे संग्रहातून रीतसर वगळली जातात, आणि त्यांच्यापुढे 'शेरा' भरला जातो. क्रमांक मात्र तसाच राहतो. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचनासाठी काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानले जाते. म्हणजे लाखावा क्रमांक पडतो त्या दिवशी कपाटात लाख पुस्तके बहुधा नसतातच. वैद्यकशास्त्रात जुन्या आवृत्त्या झपाट्याने बाद होतात, तिथे हे अंतर अधिकच वाढते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पाचवे ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हणते. त्या वाढीचा मोठा भाग आता वर्गणीच्या ई-नियतकालिकांचा आणि संकेतस्थळावर ठेवलेल्या प्रबंधांचा आहे. वर्गणी थांबली की नियतकालिक दिसेनासे होऊ शकते, त्यामुळे त्याला कायमचा दाखल क्रमांक द्यायचा कसा, हा ग्रंथपालांपुढचा खराखुरा पेच आहे. गुप्त पान तर त्याला नाहीच.