'अ‍ॅमेझॉन वीस वर्षं तोट्यातच होती' हे खरं नाही

शेअर बाजारात नव्याने उतरलेल्यांना हे वाक्य हमखास ऐकवलं जातं, आणि त्याच्या जोरावर कुठल्याही तोट्यातल्या ऑनलाइन दुकानाचे शेअर गळ्यात मारले जातात. म्हणून हा खुलासा.

अ‍ॅमेझॉन शेअर बाजारात आली १९९७ मध्ये. २००१ च्या शेवटच्या तिमाहीत तिला पहिला नफा झाला, सुमारे ५० लाख डॉलर. २००३ हे पूर्ण वर्ष नफ्याचं गेलं. पुढे तोट्याची वर्षं आली, पण अधूनमधून.

त्यातलं २०१४ नीट पाहा. निव्वळ तोटा सुमारे २४ कोटी डॉलर. पण त्याच वर्षी धंद्यातून हाती आलेली रोकड ६८० कोटी डॉलरच्या वर! ग्राहक पैसे लगेच देतो, पुरवठादाराला ते नंतर द्यायचे असतात. मधल्या काळात तो पैसा कंपनीकडे खेळता राहतो. शिवाय गोदामं आणि सर्व्हर यांवरचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी त्यांची किंमत, हाही खर्चात धरलेला असतो, तो काही त्या वर्षी खिशातून जात नाही.

२०२२ चा तोटा तर मुख्यतः रिव्हियन या वाहन कंपनीतल्या गुंतवणुकीचं मूल्य घसरल्याने दिसला. त्या वर्षी दुकानदारीही तोट्यातच होती, तो भार क्लाउड सेवेने, म्हणजे इतर कंपन्यांना सर्व्हर भाड्याने देण्याच्या धंद्याने, उचलला.

तेव्हा ताळेबंदासोबत रोकड प्रवाहाचं पत्रक आणि विभागवार नफा आधी उघडा.