घाटात येणारा जळका वास: क्लचचा की ब्रेकचा?

घाट चढताना पुढे रांग लागली आहे, गाडी इंचाइंचाने सरकते आहे आणि एसीच्या जाळीतून करपट वास येऊ लागतो. अशा वेळी बहुतेक जण इंजिन तापलं असं समजून बॉनेट उघडतात. तापमानाचा काटा मात्र जागेवरच असतो. हा वास जवळजवळ नेहमी क्लच प्लेटचा, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणाऱ्या तबकडीचा असतो.

क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना रेझिनमध्ये घट्ट बसवलेल्या तंतूंचं अस्तर असतं. पेडल अर्धं दाबून गाडी चढावर तोलून धरली की फ्लायव्हील, म्हणजे इंजिनसोबत फिरणारं जड चाक, मिनिटाला दीड-दोन हजार फेरे मारत असतं आणि प्लेट जेमतेम फिरत असते. दोघांच्या वेगातल्या फरकाची सगळी उष्णता होते, रेझिन जळू लागतं आणि अस्तराला काचेसारखी चकाकी येते. चकाकी आली की पकड सुटते, पकड सुटली की प्लेट आणखी घसरते आणि आणखी तापते. म्हणून रांगेत हँडब्रेक लावून गाडी न्यूट्रलला घ्या, क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि पुढे एक-दोन गाड्यांची जागा मोकळी झाल्यावरच निघा. वास आलाच असेल, तर सुरक्षित जागी क्लचला हात, म्हणजे पाय, न लावता पंधरा-वीस मिनिटं थांबा.

प्लेट वाचली का, हे सपाट, मोकळ्या रस्त्यावर कळतं. चौथ्या गिअरमध्ये 40-50 च्या वेगात ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचे फेरे झपकन वाढले पण गाडीने वेग घेतला नाही, तर प्लेट घसरते आहे. नवीन क्लच सेटचा खर्च करण्याआधी केबलचा क्लच असेल तर पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधी पेडल सैल दाबलं जातं ते अंतर, तपासून घ्या. खेळ उरला नसेल तर पाय काढल्यावरही प्लेट पुरती आवळली जात नाही, आणि हे काम नुसतं केबल ॲडजस्ट करून होतं. प्लेट बदलायचीच असेल तर तिला आवळणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंगही बदला. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, ती दोनदा कशाला द्यायची? उघडलेल्या प्लेटवर तेल दिसलं तर आधी क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील बदला. नाहीतर नवी प्लेटही तशीच जाईल.

उतरताना येणारा वास ब्रेकचा, आणि तो अधिक धोक्याचा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी किमान 1,200 मीटर खाली येते. माणसांसह 1,200 किलोच्या गाडीची तेवढ्या उंचीची ऊर्जा सुमारे 14 मेगाजूल भरते. एवढ्या उष्णतेत 30 अंशांचं 48 लिटर पाणी, म्हणजे तीन-चार बादल्या, उकळीला येईल. काही वाटा हवेचा विरोध आणि टायर उचलतात. उरलेला इंजिनाने उचलला नाही, तर सगळा ब्रेकच्या डिस्क आणि लायनरवर येतो.

म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचतं हा समज चुकीचा आहे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा फवाराच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. ब्रेकवर पाय सतत ठेवण्यापेक्षा वेग वाढला की ठाम दाबा आणि सोडा, म्हणजे मधल्या काळात डिस्कला वारा लागतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेसा ओलावा शिरल्यावर हीच हमी 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर सपाट जागी थांबा, गिअर टाका, चाकाला दगडाची उटी लावा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक आवळू नका आणि पाणीही ओतू नका. डिस्क वाकते किंवा तडकते.

सपाट रस्त्यावरही हाच वास येत असेल तर थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू मात्र नका. एकच चाक भाजत असेल तर बहुधा त्या चाकाच्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या भागाच्या, पिना गंजून अडकल्या आहेत.

बाकीचे वास पटकन ओळखू येतात. गोडसर वास कूलंटचा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. जळक्या तेलाचा वास बहुधा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून सायलेन्सरच्या पाइपवर पडणाऱ्या थेंबांचा. रबराच्या वासासोबत चिरका आवाज असेल तर बेल्ट.

प्लॅस्टिक वितळल्यासारखा वास मात्र वायरिंगचा, आणि त्यात थांबायला वेळ नसतो. हेडलाइटला 60 ऐवजी 100 वॉटचा बल्ब लावला की प्रवाह 5 वरून 8 अँपिअरपुढे जातो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे मूळ तारेत ती पावणेतीन पट होते. होल्डर वितळतो तो यामुळे. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला तर फ्यूजऐवजी तार जळेल. असा वास येताच इग्निशन बंद करून सगळ्यांना उतरवा. धूर दिसत नसेल तरच बॉनेट उघडून 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. धूर येत असेल तर बॉनेट उघडू नका, कारण आत शिरलेल्या हवेने आग भडकते. दूर जा आणि 112 ला फोन करा.