मुलाचं बोट कुठे थांबतं

मुलांसाठी शैक्षणिक संकेतस्थळ तयार झालं की ते आधी शिक्षकांना दाखवलं जातं, मग पालकांना, मग एखाद्या समितीला. सगळे माना डोलावतात. मूल मात्र पहिल्याच पानावर अडकतं, कारण ‘पुढे जा’ हे बटण त्याला बटण वाटतच नाही. मोठ्यांना विचारून हे कळत नाही, आणि खुद्द मुलाला विचारूनही फारसं हाती लागत नाही. त्याच्या डोळ्यांकडे आणि हातांकडेच बघत बसावं लागतं. ही सवय संगणकवाल्यांच्या आधी दूरचित्रवाणीवाल्यांनी लावून घेतली.

1968 साली न्यूयॉर्कमध्ये चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप ही संस्था उभी राहिली. तिथले संशोधनप्रमुख एड पामर यांनी टीव्हीशेजारी एक स्लाइड प्रोजेक्टर ठेवला. त्यावरचं चित्र दर साडेसात सेकंदांनी बदलायचं. मूल कार्यक्रम सोडून त्या चित्राकडे कधी वळतं, एवढंच निरीक्षक टिपून ठेवत. जुलै 1969 मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या त्यांच्या मुलांच्या कार्यक्रमाचे नमुना भाग फिलाडेल्फियात मुलांना दाखवले गेले, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. बाहुल्या पडद्यावर असेपर्यंत मुलं खिळून बसत. गल्लीतली खरी माणसं बोलू लागली की नजरा भरकटत. खरं जग आणि काल्पनिक जग एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ होईल, असा तज्ज्ञांचा सल्ला होता आणि निर्मात्यांनी तो मानलाही होता. चाचणीनंतर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि बाहुल्यांना गल्लीत आणलं. बिग बर्ड आणि ऑस्कर ही बाहुल्यांची पात्रं त्यातूनच जन्मली. 10 नोव्हेंबर 1969 ला कार्यक्रम सुरू झाला तो या दुरुस्तीसह. युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजे वापरणाऱ्याला एखादी गोष्ट वापरता येते का हे बघणारी चाचणी, हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, पण काम तेच होतं. तज्ज्ञांचं मत एका पारड्यात आणि मुलांच्या नजरा दुसऱ्या पारड्यात टाकून नजरांना मान देणं, हे मला आजही धाडसाचं वाटतं.

संगणक घरोघरी आले तशी ही चाचणी सॉफ्टवेअरकडे सरकली. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या लिबी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसोबत चाचणी कशी घ्यावी याची मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली. त्यातलं एक साधंसं सूत्र असं, की ‘तुला हे करायचंय का?’ असं मुलाला विचारू नये. मूल सरळ ‘नाही’ म्हणतं आणि चाचणी तिथेच संपते.

1999 च्या जानेवारीत शिक्षणसंशोधक सुगाता मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात, कार्यालय आणि वस्ती यांच्यामधल्या भिंतीत संगणक बसवला. त्या प्रयोगाच्या शैक्षणिक दाव्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्यातलं एक निरीक्षण पडद्यावरची चिन्हं काढणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. तिथल्या मुलांनी कर्सरला ‘सुई’ म्हटलं आणि वाट बघायला लावणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. वाळूचं घड्याळ त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. डमरू पाहिला होता.

2002 हे वर्ष या विषयात फार महत्त्वाचं ठरलं. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत हे तपासणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुप या कंपनीने अमेरिका आणि इस्रायलमधल्या 55 मुलांना संकेतस्थळं वापरताना पाहिलं. मुलं जाहिरातीला मजकुराचाच भाग समजून क्लिक करत होती. पान खाली सरकवायचं त्यांना सुचत नव्हतं. कुठे काही हलतं का, वाजतं का, हे शोधायला ती माऊस सगळ्या पडद्यावर फिरवून बघत होती. ‘आमच्या सोनूला मोबाइलमधलं सगळं येतं’ हे आपण कौतुकाने म्हणतो, त्याला या निरीक्षणांनी तेव्हाच छेद दिला होता. आणि माऊस वर नेल्यावरच उघडणारी सूचना सोनूच्या मोबाइलवर उघडायची कशी? तिथे माऊसच नाही.

त्याच वर्षी मेरीलँड विद्यापीठातल्या ॲलिसन ड्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी आंतरराष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खुलं केलं. 7 ते 11 वर्षांची मुलं तिथे फक्त चाचणीपुरती आली नव्हती. मोठ्यांच्या बरोबरीने रचना ठरवायला बसली होती. मुखपृष्ठाच्या रंगावरून पुस्तक शोधायची सोय तिथे केली गेली. लेखकाचं नाव मोठ्यांना आठवतं. मुलाला आठवतं ते ‘लाल पुस्तक’.

इंग्लंडमध्ये जॅनेट रीड आणि स्टुअर्ट मॅकफार्लेन यांनी मुलांचं मत घ्यायला रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहऱ्यांची पट्टी बनवली. लहान मुलं बहुतेक वेळा सर्वात हसऱ्या चेहऱ्यावरच खूण करतात, हे त्यांना लवकरच उमगलं. म्हणून ‘हे पुन्हा करशील का?’ हा प्रश्नही त्यांच्या साधनांमध्ये आहे. आवडलं का, यापेक्षा त्याचं उत्तर जास्त खरं मिळतं.

अशा चाचणीला पालकांची परवानगी हवीच. मुलांची माहिती गोळा करायची तर अमेरिकेत 1998 च्या कायद्याने 13 वर्षांखालच्यांसाठी ती बंधनकारक केली. भारताच्या 2023 च्या कायद्यात ही वयोमर्यादा 18 आहे.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण आहे, ती अक्षरांची. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे दिसतात. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. कोणतं रूप उमटेल ते फॉन्ट ठरवतो. अनेक फॉन्ट आपणहून हिंदी वळण दाखवतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद केली आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं असली, तर अक्षर शाळेतल्यासारखं दिसतं. ही एका ओळीची दुरुस्ती आहे. मोठ्यांच्या हा फरक सहसा लक्षातही येत नाही, कारण आपण अख्खा शब्द एका नजरेत वाचतो. पहिलीतलं मूल पडद्यावर बोट ठेवून अक्षरामागून अक्षर लावत जातं, आणि ते बोट नेमकं त्या ‘ल’पाशी थांबू शकतं.